सांडू मिस्तरींचा सत्कार

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, शहरातल्या आम्हा सगळ्या गॅरेजवाल्यांचे वडीलधारे रामेश्वरराव; लासूर स्टेशनहून मुद्दाम वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, आमचे जुने गिऱ्हाईक गोकुळशेठ; समोर बसलेले गॅरेजवाले आणि ट्रकमालक बंधू, माझ्या गॅरेजची मिस्तरी मंडळी, पिशोरहून जीप करून आलेले सांडूभाऊंचे सोयरे, पहिल्या रांगेत नवी साडी नेसून बसलेल्या द्वारकावहिनी, आणि ज्यांच्यासाठी हा मांडव घातला ते सत्कारमूर्ती सांडू मिस्तरी! सगळ्यांना या बद्रीनाथचा मनापासून नमस्कार.

मला भाषणाची सवय नाय. मी मूळचा पान्याचा माणूस. जळगाव रोडला पत्र्याचं शेड टाकलं तेव्हा मी आणि सांडू, दोघंच होतो. एका डब्यात जेवलो. दुपारच्या उन्हात एकाच ट्रकखाली लवंडलो. माणूस कसा म्हणाल, तर हसरा. इंजिनला कान लावणार आणि असं काही बोलणार, की गिऱ्हाईक आपलं नुकसान विसरून हसत सुटणार. जीभ लई तिखट. त्या जिभेचं आम्ही किती कौतुक केलं, ते त्यालाच विचारा.

माइक जरा वर घ्या रे. हां.

नव्या मंडळींसाठी सांगतो, आमच्या गॅरेजचा एक रिवाज आहे. इंजिन पूर्ण खोलून परत भरलं, की मिस्तरी शेवटचा एक जोड मोकळा ठेवतो. मग नारळ फुटतो आणि तो जोड मी माझ्या हातानं बसवतो. मालकाचा हात लागला की गिऱ्हाइकाला बरं वाटतं. हा रिवाज पाडला कुणी? सांडूनंच. ‘शेठ, शेवटचा बोल्ट तुमचा,’ असं म्हणाला होता बिचारा.

तर यंदा मक्याच्या सीझनला गोकुळशेठची गाडी आली. इंजिन सांडूनं भरलं आणि माझ्यासाठी टर्बोची रिटर्न लाईन ठेवली. टर्बोला तेल वरून जोरात येतं आणि खालच्या जाड पाइपातून आपोआप इंजिनखालच्या तेलाच्या चेंबरात उतरतं, तोच पाइप. त्याला काय लागतं? दोन बोल्ट आणि एक पॅकिंग. सांडू म्हणाला, ‘शेठ, निस्तं पॅकिंग बसवा, सिलिकॉनची पेस्ट नका लावू.’ आता हा मला शिकवणार का? आमच्या उमेदीत पॅकिंग मिळायचं कुठं? आम्ही बोटावर सिलिकॉन घ्यायचो अन् फासायचो. तसंच फासलं मी, चांगलं भरपूर.

गाडी मका भरून जळगावकडं निघाली. सिल्लोड ओलांडलं न ओलांडलं, तोच मागं पांढरा धूर! तेलाला खाली उतरायला वाटच नव्हती. मोरी तुंबली की पाणी घरात शिरतं, तसं ते सायलेन्सरमध्ये शिरलं. गोकुळशेठ टोचन लावून गाडी परत घेऊन आले आणि गेटातूनच शिव्या सुरू केल्या. बरोबर ना, गोकुळशेठ?

मी काय म्हणालो? म्हणालो, सांडूचं काम आहे, वय झालं, नजर गेली. कोणताही मालक हेच म्हणेल. मिस्तरीनं ‘व्हय शेठ’ म्हणायचं, पाइप साफ करायचा, विषय संपला. याआधी म्हणायचाच की तो.

त्या दिवशी नाय म्हणाला. गाडीखाली गेला, पाइप खोलला, आतली सिलिकॉनची गुठळी पकडीनं ओढून काढली, चहाच्या बशीत ठेवली. ती बशी सगळ्या गिऱ्हाइकांमधून मिरवत माझ्या टेबलावर आणली आणि म्हणतो कसा, ‘शेठ, नारळ फोडला तुम्ही, पर परसाद आतच राहिला व्हता.’

अख्खं गॅरेज हसलं. गोकुळशेठ पोट धरून हसले. माझी पोटची पोर तनुजा, ऑफिस सांभाळते, तीही हसली. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवरचा पोरगा मला विचारतो, ‘परसादशेठ, कट का फुल?’ अरे, तुमच्यातल्या कितीजणांच्या मोबाईलमध्ये माझं तेच नाव आहे, मला काय ठाऊक नाय का?

लावलं होतं मीच. गॅरेज माझं, बोट माझं. पण ते बशीत घालून आणायचं होतं का रे सांडू? कोपऱ्यात घेऊन सांगता येत नव्हतं? ते हसणं आठवलं की आजही माझ्या अंगाची आग होते.

बसा, सांडूभाऊ, बसा. शाल बाकी आहे अजून.

बॅनरवर ‘सत्कार’ लिहिलंय. सांडूभाऊंनी पिशोरभर सांगितलं, शेठ मला फोरमन करणार. बरोबर आहे, तसं मीच त्यांच्या कानावर घातलं होतं. तर मंडळी, हा सत्कार तर आहेच, आणि हाच निरोपही आहे. उद्यापासून सांडूभाऊंनी गॅरेजला यायचं नाय. त्यांनाही हे आत्ताच कळतंय, बघा जरा तोंडाकडं. पाने गॅरेजचे आहेत, ते गॅरेजातच राहतील. आणि या वयात त्यांना विश्रांती हवी, यावर रामेश्वररावांसकट आम्हा सगळ्या गॅरेजवाल्यांचं एकमत झालंय. तेव्हा वाळूज म्हणा, बीड बायपास म्हणा, कुठंही काम विचारत फिरायची तसदी त्यांनी घेऊ नये.

काय म्हणता, वहिनी? त्यांचं काय चुकलं? कामात काहीच नाय चुकलं. असा मिस्तरी मला पुन्हा मिळायचा नाय, एवढं मलाही कळतं. पदर काढा तोंडावरचा, फोटो काढतायत.

असो. अध्यक्षांचे आभार, मांडववाल्यांचे आभार. गोकुळशेठचे विशेष आभार. त्यांची गाडी आता झकास पळते, सांडूनंच करून दिली. माझ्या बोलण्यात कुठं चूक झाली असेल, तर ती दाखवायचा तुम्हाला हक्क आहे. उठा. इथंच, सगळ्यांसमोर दाखवा. मिस्तरी मंडळी? गोकुळशेठ, तुम्ही? तनुजा, तू?

कुणीच नाय? मग सगळ्यांनी मला माफ केलं असं धरतो. चला, जेवून घ्या.