टायरवरचे चार आकडे

पंक्चर काढून घ्यायला आलेले मास्तर गॅरेजच्या बाकावर बसले होते. समोर मिस्त्री एका बाईंना त्यांच्या गाडीचा फुटलेला टायर दाखवत होता.

“ताई, हे चार आकडे वाचा.”

“एकवीस, चौदा. म्हणजे?”

“चौदा सालचा एकविसावा आठवडा. तेव्हा बनलाय हा. म्हातारा झालाय!”

“अहो, पण नक्षी तर कोरी करकरीत आहे.”

“नुसतं पडून राहिलं तरी रबर वाळतं, तडकतं. बसवला कुणी?”

“माझ्या दादानं, गेल्याच महिन्यात. म्हणाला, नवे टाकलेत, बिनघोर फिरा.”

“जाऊ द्या ताई. त्यांना कुठलं कळायला हे आकड्यांचं?”

“वीस वर्षं टायरचंच दुकान आहे त्याचं.”

मिस्त्रीनं टायर खाली ठेवला.

“आता कुठायत ते?”

“हॉस्पिटलात. ह्यांच्या उशाशी बसून रडतोय.”