आईनं वाचलेला सिनेमा

मुलगी: नाही हो बाबा, तसं लिहिलंच नाहीये इथं.

बाबा: मग नीट वाच. चष्मा पूस.

मुलगी: पुसलाय. खाली लिहिलंय, 'गुरुजी, मला तुमचा शिष्य करून घ्या.'

बाबा: चूक. तो म्हणतोय, 'म्हातारबुवा, तुमची बकरी माझ्या अंगणात शिरली.'

मुलगी: कुंग फूच्या सिनेमात बकरी?

बाबा: मग म्हातारा एवढा का भडकला? शिष्य व्हायला आलेल्या माणसाला कोणी बाकड्यानं बडवतं का?

मुलगी: परीक्षा घेतोय तो त्याची.

बाबा: हे बघ, कपाटात सहा कॅसेटी होत्या. रविवारी दुपारी जेवणं झाली की त्यातली एक लागायची. खाली ही इंग्रजी अक्षरं यायची, तुझी आई वाचायची, मी ऐकायचो. तीस वर्षं. हा सिनेमा तर दोनशेक वेळा झाला असेल. दोनशे वेळा बकरीच होती. तू एवढी कॉलेजं केलीस आणि पहिल्याच वाक्याला अडलीस.

मुलगी: बाबा, आई चौथीपर्यंत शिकली होती.

बाबा: पुढं शिकली की! शर्टांच्या कारखान्यात होती तेव्हा इंग्रजी शिकली.

मुलगी: एस, एम आणि एल शिकली. कॉलरीवर शिवायला.

बाबा: तीन अक्षरं आली की बाकीची आपोआप येतात. थांब, आता बोलू नकोस. बाकड्याची मारामारी आली.

मुलगी: हं.

बाबा: बघ! एका लाथेत चार तुकडे. नुसते खिळे ठोकलेत. सांधा घातलेला असता ना, तर याचाच पाय गळ्यात आला असता.

मुलगी: दरवेळी तुम्ही हेच म्हणायचात. आणि आई म्हणायची, 'तुम्ही जन्मभर बाकडी केलीत, पण एकाला तरी असं नाचता येतं का?'

बाबा: हसायची काय! हा शिडीवरून आपटला की तिच्या डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं एकदा, अगं माणूस मार खातोय आणि तू दात काढतेस? तर म्हणाली, 'मार खातो, पण उठला की आधी कपडे झटकतो, मग टोपी शोधतो. एवढा मार खाऊन ज्याला टोपीची आठवण आहे, त्याला कोण हरवणार?'

मुलगी: हे काही खाली लिहिलेलं नसणार.

बाबा: हे तिचं स्वतःचं. बाकीचं वाचलेलं.

मुलगी: बाबा, जरा थांबवू का? मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. त्यासाठीच आलेय मी. सिनेमा नुसतं निमित्त.

बाबा: आता नको. आता गुरुजी लेकीकडे जातात. तो भाग चांगला आहे.

मुलगी: गुरुजी मरतात, बाबा.

बाबा: लेकीकडे जातात.

मुलगी: तो मातीचा उंचवटा दिसतोय ना, ते थडगं आहे त्यांचं. शिष्य त्याच्यासमोर बसलाय.

बाबा: तो शेताचा बांध आहे. गुरुजी येईपर्यंत हा राखण करतोय.

मुलगी: आईनं सांगितलं म्हणून?

बाबा: आईनं वाचलं म्हणून.

मुलगी: आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं!

बाबा: ओरडू नकोस. मग खोकल्याच्या बाटलीवरचं कोणी वाचलं? 'सिगारेट बंद.' सुटली की नाही माझी?

मुलगी: आणखी काय लिहिलं होतं त्या बाटलीवर?

बाबा: 'जिना चढताना घाई करू नये. रात्री कान झाकून झोपावं. जेवण झाल्यावर आपलं ताट आपण धुवावं.'

मुलगी: खोकल्यासाठी?

बाबा: कंपनी चांगली होती.

मुलगी: हसवू नका हो. आठ महिने मी हे मनात घेऊन फिरतेय. तिचा हॉस्पिटलचा रिपोर्ट आला, तेव्हा तिनं तुम्हाला काय वाचून दाखवलं?

बाबा: 'अशक्तपणा आहे. विश्रांती घ्यावी. चहा नवऱ्यानं करावा.'

मुलगी: तसं काही नव्हतं त्यात. त्या कागदांचे फोटो काढून तिनं मला पाठवले होते. मी फोनवर वाचून दाखवले. चार-पाच महिने राहिलेत, हे तिला मी सांगितलं. डॉक्टरांनी नाही, मी. आणि तिनं मला शपथ घातली. म्हणाली, 'त्यांना कळता कामा नये. कळलं तर रविवारी ते हसायचे नाहीत. मग मी कोणाकडे बघून हसू?'

बाबा: असं म्हणाली?

मुलगी: असंच. आणि मी गप्प बसले. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही तिच्याशी काय काय बोलला असता. ते सगळं माझ्यामुळे राहिलं. रागवा माझ्यावर, पण काहीतरी बोला.

(पडद्यावर शिष्य मातीसमोर तसाच थांबलेला.)

बाबा: मी सुतार आहे.

मुलगी: म्हणजे?

बाबा: इंग्रजी वाचता येत नाही मला. पण लांबी कळते. नुसत्या डोळ्यांनी कळते. खाली अक्षरं यायची चार बोटं, आणि तुझी आई बोलायची हातभर. पहिल्याच रविवारी कळलं होतं.

मुलगी: पहिल्याच? आणि तीस वर्षं तुम्ही बोलला नाहीत?

बाबा: कशाला? गोष्ट चांगली होती. बाटलीवरचा कागद तर माझ्या अंगठ्याएवढा. त्यात माझं ताट कुठून मावणार?

मुलगी: पण धुवायला लागलात.

बाबा: लागलो.

मुलगी: आणि रिपोर्ट?

बाबा: तिथं माप उलटं पडलं. कागद तीन, दोन्ही अंगांनी भरलेले. आणि ती बोलली एवढंसं.

मुलगी: म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

बाबा: किती महिने ते माहीत नव्हतं. ते तू आत्ता सांगितलंस. फार मोठं काहीतरी आहे, एवढं कळलं.

मुलगी: मग विचारलं का नाहीत तिला?

बाबा: चहा करायला गेलो. रिपोर्टात तसं लिहिलं होतं.

मुलगी: बाबा...

बाबा: तू उगाच आठ महिने ओझं वाहिलंस.

मुलगी: आणि रविवारी हसत होतात, ते?

बाबा: ते खरं होतं. तो टोपी शोधायला लागला की हसू यायचंच. खोटं हसलो असतो तर तिनं लगेच पकडलं असतं. तिच्यापुढं नाटक मला कधी जमलं नाही. ते खातं तिचं.

मुलगी: पुढं लावू?

बाबा: पुढं नको. मागं ने, अगदी पहिल्यापासून. आणि ती खालची अक्षरं बंद होतात का?

मुलगी: होतात. ही बघा, केली.

बाबा: झकास. आता सांग.

मुलगी: मी? मला तिच्यासारखं नाही जमायचं.

बाबा: बकरीपासून सुरू कर.