टाकीवरचा कॅमेरा

तुम्हाला सांगते, ती बातमी आली त्या दिवशी पुंडलिकनगरात आमच्या सोसायटीचा टँकर नुकताच येऊन गेला होता. दुष्काळात पाणी चोरीला जातं म्हणून टाकीवर कॅमेरा बसवलेला. पण लाईट जाऊन आली की वायफायचा राउटर त्याला आपोआप नवा आयपी पत्ता द्यायचा, आणि सगळ्यांच्या मोबाईलवरून टाकी गायब व्हायची. नवा पत्ता शोधून द्यायचं काम माझ्या नवऱ्याचं.

त्या दुपारीही लाईट जाऊन आली. खालचे जाधव वर आले.

"वहिनी, टाकी परत हरवली! भाऊ फोन उचलेनात. लपून बसलेत व्हय?"

"ऑफिसात कामात असतील."

"त्यांना म्हणावं, एकदाचा कायमचा पत्ता लावून टाका. लई झालं आता!"

"रविवारी लावतो म्हणालेत."

तेवढ्यात माझा फोन वाजला. यांच्या ऑफिसातला माणूस रडत होता. "वहिनी, साहेब खुर्चीतच गेले."

जाधवांना वाटलं, यांचाच फोन. "काय म्हणतेत? येतेत का?"

"नाही," म्हटलं.

त्यानंतर कितीदा लाईट गेली, टाकी हरवली. तक्रार घेऊन वर कुणी आलं नाही. कॅमेऱ्याला कायमचा पत्ता लावायचा राहूनच गेला.