व्हिक्टर आजोबांची छोटी गाडी

मी मूळची चिंचवडची, वडील कारखान्यात फिटर, आणि लग्नानंतर ह्यांच्या नोकरीमागे न्युरेम्बर्गला आले, तर ह्यांना सॉफ्टवेअरची नोकरी आणि माझ्या बी.कॉम.ला, काय सांगू तुम्हाला, इथे कुत्रं विचारेना, मग जर्मन शिकले आणि आल्टेनहाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, मदतनीस म्हणून लागले. तिथे व्हिक्टर आजोबा भेटले. खरं तर हेर, म्हणजे आपलं श्रीयुत, लावून आडनावानं हाक मारायची, पण मी आपली आजोबाच म्हणायचे, त्यांनाही आवडायचं.

पिढ्यान्‌पिढ्या रशियात राहिलेल्या जर्मनांपैकी ते, सोव्हिएत काळात तिकडच्या मोटार कारखान्यात इंजिनिअर. साध्या कुटुंबाला परवडेल अशी छोटी गाडी काढा, असा वरून हुकूम आला, सांगायचे, आणि आम्ही काढली, इंजिन पुढे, मागे तीन पोरं ऐसपैस बसतील अशी, बर्फात पळवली, चिखलात पळवली. मग वरचे म्हणाले, एवढा खर्च नको, जुन्यासारखं इंजिन मागेच टाका. आणि ती नमुन्याची गाडी आजोबांच्या डोळ्यांदेखत कापली हो, गॅसकटरनं.

सीरियातून माणसं यायला लागली ना इथे, त्या उन्हाळ्यात जुन्या गाड्यांचा मेळावा होता, तिथे त्यांच्या कारखान्याची गाडी येणार कळलं. मीच हौसेनं त्यांना व्हीलचेअर ढकलत नेलं. मालकानं कौतुकानं दार उघडलं. आजोबांनी मागच्या अरुंद सीटवर हात फिरवला आणि म्हणाले, ही आमची नाही. तो म्हणाला, डोख, म्हणजे नाही कशी, हीच, कारखान्याचं नाव बघा ना. आजोबा माझा हात धरून म्हणायला लागले, तू सांग ना त्याला, आमची अशी नव्हती. आता मी काय सांगणार? मी कुठे पाहिली होती? मी म्हटलं, आल्झो, म्हणजे तसं बघा, ह्यांची याहून छान होती. तो समजूतदारपणे हसला, आणि ते हसणंच आजोबांना लागलं.

त्या हिवाळ्यात त्यांना मेंदूचा झटका आला आणि जर्मन पुसूनच गेलं, फक्त रशियन उरलं. मी भरवायला बसले की काहीतरी विचारायचे आणि उत्तराची वाट बघत बसायचे. शेवटी सफाईला येणाऱ्या गालिनाला उभं केलं, ती रशियन. ती म्हणाली, ते विचारतायत, आपली गाडी रस्त्यावर आली का?

मी तिच्याकडून दा शिकून घेतलं, दा म्हणजे हो. आता रोज म्हणते. देवानं त्यांना झोपेत सोडवावं, दुसरं मी काय मागू? दा म्हटलं की ते मान हलवतात, घास गिळतात, आणि परत तेच विचारतात.