मुकी ऐरण

...अशी नाही गं, अशी नाही. समोरून बॅटरी मारलीस तर काय दिसणार? आडवी धर, कडेकडेनं. हां. आता हा खडू घास ऐरणीच्या कुशीवर. आले ना आकडे वर? दोन, एक, सतरा. जाहिरातीत मी तेच लिहिलं होतं, पण विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये, आपल्या डोळ्यांनी वाचावं. आणि हे किलो नव्हेत, आधीच सांगतो. परवा एक जण आला, म्हणे दोन हजार एकशे सतरा किलो ना? म्हटलं बाबा, आधी हलवून दाखव. पहिला आकडा जुन्या हंड्रेडवेटचा, एकाचे एकशे बारा रत्तल. दुसरा त्याच्या पाव हिश्शाचा, म्हणजे अठ्ठावीस रत्तल. तिसरा सुट्या रत्तलांचा. कर बेरीज. दोनशे एकोणसत्तर, बरोबर. म्हणजे तुमचे एकशे बावीस किलो. आणि साल? साल कोण कोरतंय! खाली बघ, नुसतं 'इंग्लंड' लिहिलंय, 'मेड इन' नाही, म्हणजे अठराशे नव्वदनंतरची, पहिल्या महायुद्धाच्या आधीची. बनवणाऱ्याचं नाव झिजून गेलं, ते 'इंग्लंड' मात्र झिजत नाही – वेल्समधल्या लोहाराच्या ऐरणीवर! माझा आजा रोज सकाळी त्याच्यावर थुंकायचा आणि मग कामाला लागायचा.

टाक, टाक ती पोलादाची गोळी, आणलीयेस तर टाक. दहा इंचांवरून सोड. बघितलंस? आठ इंच उसळली. सव्वाशे वर्षांची म्हातारी, पण माथा अजून कडक आहे. ही डावीकडची कड तेवढी उडालीय, ते माझंच पाप, एकोणीस वर्षांचा होतो, थंडगार पोलादावर घण घातला. बापानं चार दिवस तोंड बघितलं नाही माझं. त्या कडेपायी किंमत थोडी कमी धर, धरायलाच पाहिजे, मी तरी धरली असती...

साखळी? ती – ती राहू दे. कंबरेला नुसती गुंडाळलीय. आणि खाली ते लोहचुंबक आहे, जुन्या लाऊडस्पीकरमधलं. नाही, तडा लपवायला नाही गं! श्रूजबरीहून एवढी आलीस, तुला फसवीन होय? आवाज दाबायला घालतात साखळी. वाजवून बघितल्याशिवाय ऐरण घेऊ नये हे मलाही कळतं, कुठे तडा असला तर ती बद्द बोलते. हिला तडा नाही. हिचा आवाज घंटेसारखा, पार चॅपलपर्यंत जायचा. वर माझी बायको असायची ना, म्हणून घातली. नेस्टा. ही भट्टीवरचीच खोली, त्या फळ्यांच्या वर तिचा पलंग. डोक्यात गाठ झाली तिच्या. आधी डोळे गेले, मग डोकं असं ठणकायचं की चमचा पडला तरी कळवळायची. डॉक्टर म्हणाले, शांतता हवी. म्हटलं, ठीक आहे. भट्टी बंद ठेवणं परवडणारं नव्हतं, मेंढवाड्यांची फाटकं अर्धी झालेली. मग ही साखळी बांधली, चुंबक लावलं, वर तिच्या खोलीतल्या फळ्यांवर गोधडी अंथरली. तिला सांगितलं नाही. कसं सांगणार? चाळीस वर्षं त्या आवाजावर तिनं पाव भाजले, पोरगी निजवली – तिच्यासाठी मी तो बंद केला म्हटल्यावर जिवाला लावून घेतलं असतं तिनं.

आता तुला वाटेल, यात एवढं काय? सांगतो. आमची एक रीत होती. चहा झाला की ती वरून काठीनं फळी ठोकायची, आणि मी खालून रिकाम्या ऐरणीवर दोन ठोके द्यायचो. म्हणजे आलो, हातातलं संपवून आलो. लग्नापासूनची रीत, कुणी ठरवली नव्हती. आजारपणातही ती ठोकायची – आणि मीही दोन ठोके द्यायचो की! हात आपसूक जायचा. भट्टीत लोखंड लाल झालेलं, ते तसंच टाकून जाता येत नाही, पाच मिनिटं, सात मिनिटं, मग धावत वर. म्हणायची, "इदवाल, कुठं गेला होतास?" मी म्हणायचो, "कुठं जाणार बाई, खालीच होतो." ती भिंतीकडे तोंड करायची. मला वाटलं, दुखतंय. मला खरंच वाटलं, दुखतंय...

साखळी बांधलेली माझ्या ध्यानातच नव्हती, पोरी. मी ठोके देत होतो आणि वर काहीही पोचत नव्हतं.

कळलं कधी? तिला पुरून आल्यावर. लोवरी, माझी लेक, कार्डिफला असते. सगळे चहाला थांबलेले, तिनं कोट काढला नाही. म्हणाली, "आई मला फोनवर सांगायची, तुझे बाबा दिवसभर घरात नसतात. माझ्याजवळ बसवत नाही त्यांना. मी दोष देत नाही म्हणायची. कुठं होतात हो तुम्ही?" भरल्या घरात विचारलं. मी काय सांगू? खाली होतो, आठ फुटांवर, म्हणून सांगू? मग तिला कळलं असतं, आई मेली ती चुकीचं समजून, एकटी पडले असं समजून, आणि विनाकारण. ते ओझं पोरीच्या गळ्यात घालू? त्यापेक्षा मी वाईट ठरलेला बरा. म्हटलं, "होतो इकडंतिकडं." तेव्हापासून फोन नाही. दीड वर्ष झालं. तुलाच पहिल्यांदा – बघ, ऐरणीचं सांगता सांगता काय सांगत बसलो.

नको, पाणी नको. बस झालं.

नऊशे पौंड लिहिले होते ना मी? चारशे दे. हो, शुद्धीवर आहे. मुकी ऐरण म्हणून घे, न वाजवता. तुझ्या घरी पोचलीस की काढ साखळी, मग हवं तेवढं वाजव, तिचा काय दोष. तडा निघाला तर परत आण, पैसे मोजून देईन. इथे मात्र नाही, तिच्या पलंगाखाली नाही. गाडी मागच्या दाराला लाव, दोन फळ्या टाकू, ढकलत नेऊ. हातमोजे घाल.

अगं काय करतेस? एकच हलका ठोका? तोही नाही. ठेव तो हातोडा. खाली ठेव म्हटलं ना.