रिकामं कार्ड

—अगं डेल्फीन, उभी का? बस ना. कॉफी घे, थोडी कडू झालीय. तर काय सांगत होतो — तुझ्या वडिलांचा, आपल्या ऑरिनचा, कॅल्क्युलेटर ठणठणीत आहे. होता तोवर अख्खी खोरी मोजली त्यानं याच्यावर, चिखलात पाडला, पावसात भिजवला, तरी बघ. पण मागच्या खाचेतलं हे मेमरीचं कार्ड — ते रिकामं निघालं. त्याचं असं आहे, कार्डाला स्वतःचा सेल असतो, टिकलीएवढा. तो मेला की कार्ड यंत्राच्या जिवावर जगतं. मग यंत्रातून उपसलं की खलास, सगळं पुसलं. घरी कुणी काढलं होतं का? धूळबिळ पुसताना? तू नाही? बघ हं, आठवून बघ. माणूस विसरतो.

वाईट वाटतं गं. तुझी आई वृद्धाश्रमात तुलासुद्धा ओळखत नाही, पण या कार्डातली धून वाजली की ‘ऑरिन आला’ म्हणते — तूच म्हणालीस ना? आणि ऑरिननं बसवली होती पण काय! नुसती टूं-टूं, पण मध्येच तो एक वरचा सूर घसरतो, आणि घसरतो म्हणूनच गोड — अशी काय बघतेस? तू सांगितलंस की मला. सुराचं. नाही सांगितलंस?

हं.

वाजत होती. तू ठेवून गेलीस तेव्हा वाजत होती. ऐकली मी, पुन्हा पुन्हा ऐकली. तू म्हणालीस नुसता सेल बदला — पण मलाच खाज! घरात मोठं कार्ड पडलेलं, आठपट मेमरीचं, म्हटलं बसवून देऊ, पोरगी खूश होईल. या यंत्रांच्या कारखान्यात होतो तेव्हा येईल त्याला बजावायचो — आधी सेल बदला, कार्ड खाचेतच असू द्या, यंत्र चालू असू द्या. आणि मीच, नव्याला जागा करायला, जुनं उपसलं. आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं, तेही नाही. केबल वरच्या फळीवर होती, कोण चढणार! आता मेमरी आठपट, ठेवायला काही नाही. आणि वर तुझ्यावर ढकलत होतो. थू माझ्या जिनगानीवर.

मी परत लिहून देतो ना! पाठ झालीय मला, त्या घसरलेल्या सुरासकट — ऐक, शिट्टीवर वाजवून दाखवतो — नको? बरं. नको. पण लिहून देतो, तुझ्या आईला काय कळणार — कळेल म्हणतेस. हो. कळेल.

घे, यंत्र घे. जुनं कार्डही घे. नवं राहू दे इथंच, तुझ्या यंत्रात नको ते. आईला काय सांगशील? — नाही, मला नको सांगूस. जा तू.