सख्ख्या बहिणीचं रक्त

बायको कॅन्सरने गेली त्याच दिवशी तिच्या जनुक तपासणीचा अहवाल आला. बदल सापडला, पण त्याचा अर्थ सांगता येत नाही, असं त्यात होतं. पुढे रुग्णालयाच्या जनुक विभागातून मला बोलावणं आलं. तिथे शेजारच्या बाकावर दोघी बहिणी होत्या. धाकटीने डोक्याला रुमाल बांधला होता.

“ताई, नळीभर रक्त तर मागतायत.”

“आणि पुढे विकतील, ते?”

“अगं, आपल्या लोकांची माहितीच नाही त्यांच्याकडे. माझ्यातला बदल कॅन्सरचा की आपल्याकडे सगळ्यांतच असतो, ते कळत नाही. म्हणून सख्ख्या बहिणीचं हवंय.”

“म्हणजे शिकायचं त्यांनी आणि पाटी व्हायचं आपण!”

“झालीस तर झिजणार आहेस का?”

“पोरीचं लग्न ठरतंय माझ्या. बाहेर फुटलं तर?”

“नाव नसतं गं, नुसता नंबर.”

“नंबरालाही आईबाप असतात.”

“लग्नाचीच भीती आहे ना, ताई?”

“माझ्यातही तेच निघालं तर?”

“तर वेळेवर कळेल.”

“कळून तुझं काय भलं झालं?”

आतून नर्सने त्या दोघींना हाक मारली.

“आधी या भाऊंना जाऊ दे,” थोरली म्हणाली.

मी आत गेलो. “रक्त द्यायला मुलीला आणलंत का?” नर्सने विचारलं.

मुलीला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.